थोरल्या कोंबड्यासाठी मागितलेलं एक साल

आमच्याकडं आज सात कोंबडे आहेत. एकाचाही डोळा फुटलेला नाही, तुरा फाटलेला नाही, आणि एकाही कोंबडीची पाठ उघडी पडलेली नाही. हे मी मोठेपणा म्हणूनच सांगते. ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना ठाऊक आहे, दोन कोंबडे एका दारात नांदवणं म्हणजे दोन जावा एका चुलीवर नांदवणं. मी सात नांदवलेत. बेंबळीचा बाजार करून परत जाणाऱ्या बाया वाट वाकडी करून आमच्या दारात थांबतात आणि खुडूक कोंबडीखाली ठेवायला अंडी मागतात. मी देते, पण आधी विचारते. घरी कोंबडे किती, कोंबड्या किती, घार येते का, मुंगूस फिरतं का. उत्तर नीट आलं नाही तर अंडी मिळत नाहीत. मागनं म्हणतात, काय बाई हिचा तोरा. असू द्या की. माझा तोरा मला कुणी आंदण दिलेला नाही.

चार वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा आमच्या घरात सासरे, सासू, आमचे मालक, मी आणि धाराशिवला कॉलेजात जाणारी मुलगी, एवढी माणसं. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. शेत घरापासून चालत पाव तासावर, तिथं जनावरांसाठी पत्र्याचा कोठा. शेतात ज्वारी, तूर, सोयाबीन. ते सगळं घराचं. पण अंगणातल्या कोंबड्या माझ्या. माझ्या म्हणजे माझ्याच. त्यांना दाणा मी टाकायचा, खुराडं मी झाडायचं, कुठली अंडी खायची आणि कुठली बसवायची ते मी ठरवायचं. मुलीची वह्या-पुस्तकं, माहेरी जाताना हातात न्यायची पिशवी, हे सगळं त्या कोंबड्यांवर चालायचं आणि त्यात मला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नव्हतं. बाईला असं एखादं तरी खातं लागतं.

फक्त एका बाबतीत त्या माझ्या नव्हत्या. दर आखाडातल्या एका मंगळवारी गावच्या शिवेवरच्या मरीआईला घरटी एक कोंबडा जातो. आणि तो कसला तरी चालत नाही, घरातला सगळ्यात थोर लागतो. मंगळवारच्या आठ दिवस आधी मामा सकाळी अंगणात यायचे, एकेक कोंबडा धरायला लावायचे, तळहातावर तोलायचे, छातीचं हाड बोटानं चाचपायचे आणि त्यातल्या थोराच्या पायात हळदीचा दोरा बांधायचे. दोरा बांधला की तो देवीचा. मग त्याला कुणी हाड् सुद्धा म्हणायचं नाही. मामांची पारख मोठी. वाशीपर्यंतची माणसं बैल घ्यायला निघाली की मामांना गाडीवर बसवून न्यायची. बैलाच्या पाठीवर हात ठेवून ते सांगायचे, हा औताला चालेल, हा बसेल. कोंबड्याच्या बाबतीत त्यांचा हात कधीच चुकला नाही, आणि सगळं नुकसान त्यातनंच होत होतं. पण हे कळायला मला अठरा वर्षं लागली.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमचा कोंबडा उचलायला दोन हात लागायचे. नंतर नंतर ते एका काखेत मावायला लागले. अंडी बारकी झाली. पिल्लं निघायची बारा आणि जगायची चार. मामा म्हणायचे, खाणं बदललं, पिशवीतलं खायला लागली. आत्या म्हणायच्या, त्या मोबाईलच्या टावरचा दोष आहे. मालक म्हणायचे, टेम्पोतनं रंगीत पिल्लं विकायला येतात ती घेऊन टाक, कशाला डोकं शिणवती. मी ती दोनदा घेतली. एक खेप पावसात गेली, दुसरी घारीनं नेली, कारण त्या पिल्लांना घार म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं.

मग त्या साली ज्वारी काढल्यावर मी आणि आत्या खळ्यावर बियाची कणसं निवडत बसलो होतो. आमच्याकडं हे काम बायांचं. लांब, भरीव, एकसारख्या दाण्याची कणसं बाजूला काढायची, त्यांच्या पेंढ्या बांधायच्या आणि आढ्याला टांगायच्या. घरात पीठ संपलं तरी त्या पेंढीला हात लागत नाही. निवडता निवडता मी सहज बोलून गेले,

“आत्या, ही थोर थोर कणसं दळून खाल्ली आन् बारकी बियाला ठेवली तर काय व्हईल?”

“खुळी का काय तू,” आत्या म्हणाल्या. “दोन सालात धाटाला कणीस तरी येईल का?”

माझा हात तिथंच थांबला. डोक्यात एकदम लख्ख झालं. मी म्हणाले, “मग कोंबड्याचं आपण तेच करतो की. दर साली थोर तेवढा देवीला देतो, आन् मागं राहिलेल्या बारक्याची पिल्लं काढतो.”

आत्या हातातली पेंढी बांधून झाल्यावर म्हणाल्या, “हे तुझ्या मामांपुढं बोलू नको.” तुझं चूक आहे असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. ते मी बरोबर ध्यानात ठेवलं.

नेमका त्याच साली, लई दिवसांनी, आमच्या दारात एक कोंबडा कोंबड्यासारखा निपजला होता. मी त्याला थोरला म्हणायची. मान तांबूस सोनेरी, शेपटी काळी, उन्हात हिरवी दिसणारी. पण मला त्याच्या रंगाचं कौतुक नव्हतं, त्याच्या वागण्याचं होतं. उकिरड्यात दाणा सापडला की तो स्वतः खायचा नाही. चोचीत धरून खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा आणि टुकटुक करून कोंबड्यांना हाक मारायचा. कोंबड्या येऊन खाऊन गेल्या की मग हा चोच लावायचा. आणि वर घारीची सावली दिसली की घशातनं असा लांब आवाज काढायचा की सगळी पिल्लं कडब्याच्या गंजीखाली पळायची. शेवटचं पिल्लू आत जाईपर्यंत हा गडी उघड्यावर उभा. असला कोंबडा मी ह्या घरात आल्यापासून पाहिला नव्हता. आणि आखाड जवळ येत चालला होता.

मामा दोरा घेऊन अंगणात आले त्या सकाळी मी थोरल्याला डालग्याखाली झाकून ठेवला होता. लपवला नव्हता, झाकला होता, आणि डालग्यापुढं मी स्वतः उभी होते.

“काढ त्याला,” मामा म्हणाले.

“मामा, ह्याला दोरा नको. दुसरा कोणता बी बांधा. हा बियाला ठेवायचा.”

“देवीला दुसरा देऊ?” मामांचा आवाज चढला. “माझ्या बापानं कधी दिला न्हाय. आज्यानं दिला न्हाय.”

माझं तोंड मला आवरत नाही, हे माझ्या माहेरचेही सांगतात. मी म्हणाले, “आज्यापासनं थोर थोर कापत आलो, म्हणून तर घरात ही बारकी उरली. तुमी बैलाची पारख करता. गावातला चांगला वळू कापला तर कालवडी कशावर धरायच्या?”

आमच्या मालकांना नेमकी तेव्हाच विहिरीवरची मोटर चालू करायची आठवण झाली आणि ते निघून गेले. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी बियाच्या कणसांचं सांगितलं, पिल्लांचं सांगितलं, सगळं एका दमात सांगितलं. मी डालग्यापुढनं हलले नाही.

मामा ओट्यावर टेकले. दोरा बोटाला गुंडाळत आणि सोडत बराच वेळ बसले. मग म्हणाले, “एक साल देतो. पण पुढल्या आखाडाला ह्याच्याहून भारी कोंबडा देवीपुढं आला पायजे. न्हाय आला तर हाच जाईल. आन् त्या दिवसापासनं ह्या दारातल्या कोंबड्यांत तुझा शब्द चालणार न्हाय. ठेवायच्या का मोडायच्या ते मी बघीन.”

मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मागितलं होतं ते मिळालं होतं, फक्त त्याच्या बदल्यात माझं सगळंच पणाला लागलं होतं.

त्या साली देवीला दुसरा कोंबडा गेला. लोकांनी पाहिलं. औंदा बारका आणला का, असं कुणीतरी विचारलंही. घरी आल्यावर मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग दसऱ्याच्या आसपास मामा शेताच्या बांधावरनं घसरले आणि पाय मोडला. धाराशिवला नेऊन प्लास्टर घातलं. झालं. गावाला तेवढंच हवं होतं. नळावर पाण्याला गेले की बाया माझ्याकडं बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. देवीला डावं दिलं की असंच व्हतंय, असं एक जण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. अंगाचा तिळपापड झाला, पण मी, एरवी कुणाचं ऐकून न घेणारी, घागर भरून गप घरी आले. कारण माझ्याच मनात तेच येत होतं. खरंच माझ्यामुळं झालं असेल तर? मामांना जेवायचं ताट नेऊन दिलं की मी त्यांच्या प्लास्टरकडं बघायचं टाळायची. एक दिवस सहन होईना, तेव्हा विचारलंच.

“मामा, तुमाला बी तसंच वाटतं का? लोक म्हणत्यात तसं?”

मामा बाजेवर पडून होते. म्हणाले, “बांध निसरडा व्हता. चप्पल जुनी व्हती. मरीआईला मला ढकलायशिवाय दुसरी कामं न्हायती का?” मी हसले आणि मग रडलेही. तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “पण शब्द तो शब्द. आखाड येऊ दे.”

मग मी कामाला लागले. आधी बाकीचे कोंबडे अंगणातनं काढले, म्हणजे अंडी थोरल्याचीच असतील. तीन आठवडे वाट पाहिली. मग तीन चांगल्या कोंबड्यांची अंडी तेवढी वेगळी ठेवली. दिवाळी झाल्यावर दोन कोंबड्या खुडूक बसल्या. पाटीत ज्वारीचं भूस घातलं आणि दोघींखाली मिळून चोवीस अंडी ठेवली. आत्यांनी न सांगता दोन्ही पाट्या स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवल्या, मांजर तिथं जात नाही म्हणून. एकोणीस पिल्लं निघाली. दोन मुंगसानं नेली, एक पायाखाली आलं. सोळा राहिली. ती चालायला लागल्यापासून त्यांना थोरल्याच्या मागं सोडायची. घारीचा आवाज ती त्याच्याकडनं शिकली.

आणि मामा हे सगळं बाजेवरनं बघत होते. बाज अंगणातच टाकलेली, पाय उचलता येत नाही, दुसरं बघणार काय? आधी आधी तोंड फिरवून पडायचे. मग एक दिवस मला म्हणाले, “ती खाकी कोंबडी त्याच्या हाकेला येत न्हाय, तिला काय झालंय बघ.” मी बघितलं तर तिच्या पायात काटा होता. त्यानंतर ताटातली भाकरी चुरून बाजेखाली टाकायला लागले. थोरला यायचा, चुरा उचलायचा, टाकायचा, पिल्लांना हाक मारायचा. मामा बघत राहायचे. मी चुलीपुढनं सगळं पाहायची आणि पाहिलं नाही असं दाखवायची.

सोळातले नऊ कोंबडे निघाले. एरवी कपाळावर हात मारला असता, पण मला तर कोंबडेच हवे होते. शिमग्यापर्यंत त्यांना कंठ फुटला आणि अंगणाचं रणांगण झालं. सकाळी खुराडं उघडलं की दोघं दोघं एकमेकांवर झेपावणार. चार जण एकाच कोंबडीच्या मागं. महिन्यात निम्म्या कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं गेली, कातडी लाल दिसायला लागली. अंडी थांबली. थोरला एकटा नऊ पोरांना किती आवरणार, त्याच्या तुऱ्यातनंही रक्त यायला लागलं.

तिथं मी एक मोठी चूक केली. सगळ्यात भांडखोर पोरगा पकडून आठ दिवस मागच्या खोलीत कोंडला. म्हटलं, डोकं थंड होईल. आठ दिवसांनी सोडला तर बाकीच्यांनी त्याला ओळखच दाखवली नाही. परका शिरल्यासारखे सगळे एकदम तुटून पडले. मी मध्ये पडले तर माझ्या हातावर नखी लागली, त्याचा वण अजून आहे. कोंबड्यांचं असंच आहे. त्यांच्यात कोण वर, कोण खाली हे एकदा ठरलेलं असतं. एक जण आठ दिवस नसला की त्याची जागा भरून जाते, आणि परत आला की पुन्हा पहिल्यापासून मारामारी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं इतके कोंबडे कधी ठेवलेच नव्हते, दोन झाले की एकाचा रस्सा व्हायचा.

मग मी डोकं लावलं. भांडण कशावरनं आहे? कोंबड्यांवरनं. मग कोंबड्याच दिसल्या नाहीत तर? नऊतले तीन खरोखरच मारके होते, त्यांचा रस्सा झाला, त्याबद्दल मला काही वाटत नाही. उरलेले सहा एका संध्याकाळी दोन डालग्यांत घालून शेतातल्या कोठ्यावर नेले. सहाही एकाच वेळी नेले, म्हणजे जागा सगळ्यांनाच नवी आणि कुणीच मालक नाही. तिथं एकही कोंबडी नाही, कोंबडीचा आवाजसुद्धा नाही. बसायला एक लांब बांबू आडवा बांधला, सगळा एकाच उंचीचा, म्हणजे वरच्या जागेसाठी मारामारी नको. दाणा तीन ठिकाणी टाकायचा. कोपऱ्यात तुराट्यांचा ढीग रचला, हरलेल्याला तोंड लपवायला जागा पाहिजे म्हणून. मागच्या नख्यांची टोकं कानशीनं घासून बोथट केली. मालक म्हणाले, “आता त्यांना कंगवा बी घेऊन दे.” मी म्हटलं, तुमाला मोटर चालू करायची असंल की.

पंधरा दिवस थोडी कुरबुर झाली. मग जे शांत झाले ते झालेच. सहा तरणे कोंबडे एका बांबूवर ओळीनं बसलेले पाहिले त्या सकाळी मी एकटीच कोठ्यात उभी राहून हसत होते. शेजारच्या शेतकऱ्यानं तक्रार केली की तुमच्या कोठ्यावर पहाटंपासनं शाळा भरते. त्याला मी सांगितलं, तेवढ्यानं तरी तुम्ही लवकर उठा. इकडं अंगणात एकटा थोरला राहिला, कोंबड्यांच्या पाठीवर पिसं आली, अंडी सुरू झाली.

दिवसातनं दोन खेपा मी कोठ्यावर करायची. चैत्र-वैशाखात पत्रा तापला की वर ओलं पोतं टाकायचं, खाली पाणी शिंपडायचं. मानमोडीची लस जनावरांच्या दवाखान्यातनं वेळेवर आणून डोळ्यांत थेंब टाकले. ज्वारी, मक्याचा भरडा, उकडलेलं अंडं, पालेभाजीची देठं. सहाजण माझा आवाज ओळखायचे. त्यातला एक तांबडा होता, तो झपाट्यानं भरत चालला होता, आणि माझ्या हातातनं दाणा खायचा. एक काळसर होता, अंगानं जरा उणा, पण दाणा टाकला की तिथं एक कोंबडी नसतानाही टुकटुक करून बाकीच्यांना बोलवायचा. बापाचं वागणं त्यानं उचललं होतं. मी त्याच्याकडं लई वेळ बघत बसायची.

आखाड लागला. मामांचा पाय बरा झाला होता, पण काठी लागायची, त्यामुळं शेतात ते आले नव्हते आणि पोरं मोठी झाल्यावर त्यांनी बघितलीच नव्हती. दोरा बांधायच्या दिवशी मालकांनी त्यांना गाडीवर बसवून कोठ्यावर आणलं. थोरल्याला मी डालग्यातनं आणला होता, तोलायला. मामा पोत्यावर बसले. मी एकेक पोरगा त्यांच्या हातात देत गेले. ते डोळे मिटायचे, तळहात खालीवर करायचे, छातीचं हाड चाचपायचे आणि काही न बोलता परत द्यायचे. पहिला परत. दुसरा परत. तिसरा परत. चौथा तांबडा होता. त्याला धरून ते थांबले. म्हणाले, “थोरल्याला दे हिकडं.”

एका हातावर बाप, दुसऱ्या हातावर लेक. मामांनी किती वेळ धरले कुणास ठाऊक. मालकांनीही मोटरीचं नाव काढलं नाही. शेवटी मामांनी डोळे उघडले.

“हा भारी हाय,” ते म्हणाले आणि तांबडा धरलेला हात वर केला. “पावशेरानं तरी.”

माझा जीव भांड्यात पडला. मामांनी तांबड्याच्या पायात दोरा बांधला आणि मग मला जे कधीच कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

“बियाला कोणता ठेवायचा म्हणतीस?”

मी काळसर दाखवला.

“तो तर हलका हाय.”

“वजनाला हलका हाय, मामा. दाणा टाकून बघा.”

मामांनी ओंजळभर ज्वारी टाकली. काळसर पुढं झाला, दाणा उचलला, टाकला, हाक मारली. पाचही जण जमले, हा मागं उभा राहिला. मामांनी पुन्हा ओंजळ टाकली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाकली. मग काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, “बराबर हाय तुझं.” आमच्या मालकांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या वडिलांच्या तोंडून हे शब्द त्यांनी उभ्या जन्मात ऐकले नव्हते.

तांबड्याचं वाईट वाटलं का? वाटलं. माझ्या हातातनं खाणारा होता. त्या आठ दिवसांत मी त्याला बघून बघून खाऊ घातलं आणि त्याच्याशी बोलायची नाही, कारण बोलले असते तर मंगळवारी मला उभं राहता आलं नसतं.

मंगळवारी सगळा गाव शिवेवर जमला. मरीआईचं देऊळ म्हणजे शेंदराचा दगड, चार पत्रे आणि पुढं एक मोठा लिंब. बाया निवदाची ताटं घेऊन लिंबाखाली थांबतात. घरातला कर्ता पुरुष कोंबडा घेऊन रांगेत जातो. पुजारी विचारतो, मान कुणाचा? तो आपलं नाव सांगतो, पुजारी ते नाव देवीपुढं मोठ्यानं घेतो आणि मग कोंबडा पुढं जातो. माझ्या डोळ्यांदेखत दर साली असंच झालेलं. आमच्या घराचा नंबर आला की मामा आपलं नाव सांगायचे.

मामा काठी टेकत पुढं गेले. काखेत तांबडा. रांगेतली माणसं मान वाकडी करून बघत होती. असला कोंबडा त्या दगडापुढं कित्येक वर्षांत आला नव्हता, ते सगळ्यांना दिसत होतं. नळावर मला ऐकवणारी बाई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तिनंही बघितलं. मी ताठ उभी होते.

पुजाऱ्यानं विचारलं, “मान कुणाचा?”

मामा बोलेनात. पुजारी थांबला. मागचा एक जण म्हणाला, म्हाताऱ्याचं ध्यान कुठं हाय? मामांनी एकदा मागं वळून लिंबाखाली पाहिलं, मी कुठं आहे ते शोधलं, आणि मग पुजाऱ्याकडं तोंड करून माझं नाव सांगितलं. माझं नाव, पुढं माझ्या नवऱ्याचं, पुढं आडनाव. एकोणीस वर्षांत त्यांनी मला अगं म्हटलं होतं, पोरी म्हटलं होतं, नुसतं खाकरूनही बोलावलं होतं. त्यांच्या तोंडून माझं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुजारी घुटमळला. बाईचं नाव त्या दगडापुढं आजवर कुणी घेतलं नव्हतं, आणि घ्यावं का नको ते त्याला कळेना.

“घे की,” मामा म्हणाले. “कोंबडं तिनं केलंय.”

पुजाऱ्यानं माझं नाव मोठ्यानं घेतलं, आणि लिंबाखालच्या सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या.